शेवटची रांग

शिबिरवाल्यांचा नाद सोडून धाकटी मोठ्या बहिणीकडे राहायला आली, त्याला महिना झाला. ताईने "का गेली होतीस" असं विचारलं नाही, की "तेव्हाच सांगत होते" म्हणून सुनावलं नाही. शिवणयंत्राशेजारी एक खुर्ची सरकवून दिली आणि बटणांचा डबा पुढे केला.

तो चांगुलपणाच धाकटीला टोचत होता. शिबिरात दर रविवारी मंचावर जाऊन मनातलं ओझं हलकं करावं लागे. स्वतःजवळचं सांगून संपलं की शिबिर चालवणारे सर म्हणत, "आता घरच्यांचं काढा." आणि तिने ताईचं काढलं होतं. बाळंतपणानंतर चार महिने ताईला पोटच्या पोरीला जवळ घ्यावंसंच वाटलं नव्हतं. ताईने हे जन्मात फक्त तिलाच सांगितलं होतं.

आज तिने मन घट्ट केलं. शर्टाला बटण लावता लावता, मान वर न करता ती म्हणाली, "ताई, तुझी ती गोष्ट मी तिथे सगळ्यांसमोर सांगितली."

"माहितीये," ताई म्हणाली. "त्या दिवशी मी शेवटच्या रांगेत होते. तुला घरी न्यायला आले होते."

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग तशीच का परत गेलीस?"

ताईने दातांनी दोरा तोडला.

"सगळे तुझ्यासाठी टाळ्या वाजवत होते. आई गेल्यापासून तुला पहिल्यांदाच हसताना बघत होते मी."