आठ सॉकेट की बारा

दिराने वरच्या खोलीत लोखंडी रॅक उभारून त्यात हौशी रेडिओचे, म्हणजे बिनतारी बोलण्याचे, तीन संच बसवले, त्याला आठ महिने झाले. "फोन बंद पडले की आम्हीच कामाला येतो," असं तो येईल त्याला ऐकवायचा. संच मात्र एकदाही सुरू झाले नव्हते, कारण रॅकमध्ये बसणारी विजेची पट्टी आठ सॉकेटची घ्यावी की बाराची, हे त्याचं ठरत नव्हतं. वहिनीने त्याचं बोलणं मनावर घेणं कधीच सोडलं होतं.

मग वादळात फोनचा टॉवर कोसळला. वीज तेवढी टिकली. वहिनीची आई दूरच्या गावी दवाखान्यात होती. नाइलाजाने तिने मिक्सरचा एक्स्टेंशन बोर्ड काढून घेतला आणि धावत जिना चढली.

"भाऊजी, हा लावा. तिथल्या कुणा रेडिओवाल्याकडून आईची खबर मिळते का बघा."

त्याने बोर्ड उलटसुलट करून पाहिला आणि नाक मुरडलं.



"वहिनी, हा रॅकमध्ये बसणार नाही."