सरकणारा ठिपका

संशोधिका तणतणतच प्रयोगशाळेत शिरली.

"सर, चाळीस माणसांच्या नोंदी खराब म्हणून फेकून द्यायच्या? का, तर तुमच्या शोधनिबंधात बसत नाहीत म्हणून?"

प्रयोग साधा होता. पडद्यावर याच खोलीचा फोटो: दार आणि एक रिकामी खुर्ची. बघणाऱ्याची नजर कुठे आहे ते यंत्र लाल ठिपक्याने दाखवायचं. स्थिर चित्रावर डोळे उड्या मारतात. सलग सरकतात ते फक्त हलणाऱ्या गोष्टीमागे. आणि चाळीसच्या चाळीस जणांचा ठिपका खुर्चीपासून दारापर्यंत सलग सरकला होता.

"यंत्र बिघडलंय गं."

"मग बसा ना स्वतः!"

सर हसत बसले. ती त्यांच्यासमोर, दाराकडे पाठ करून, दुसऱ्या पडद्यावर त्यांचा ठिपका बघू लागली.

ठिपका खुर्चीवर थांबला, बसलेल्या माणसाचा चेहरा असतो तेवढ्या उंचीवर. मग कुणी उठून उभं राहावं तसा तो वर गेला आणि संथपणे दाराकडे निघाला.

"रिकामी खुर्ची आहे," सर म्हणाले. "मी तिच्यावरून नजर हलवलेलीसुद्धा नाही."

"धडधडीत खोटं बोलताय!"

दारापाशी पोचून ठिपका नाहीसा झाला. म्हणजे सर आता पडद्याकडे बघतच नव्हते. तिने संतापून मान वर केली.

सर तिच्या मागच्या दाराकडे बघत होते.

"कुणीही नाहीये इथे," ते शांतपणे म्हणाले, आणि त्यांची नजर दारापासून सलग सरकत तिच्या खांद्यापाशी येऊन थांबली.