धुऱ्यापलीकडचं गवत

तो माणूस शेजारच्या देवीलालच्या वावरात पुन्हा उकिडवा बसला, तेव्हा मैनाबाईचा धीर सुटला. मघापासून तो नुसतं गवत उपटत होता आणि मोबाईलवर त्याचे फोटो काढत होता. बाजूला कापसाची छातीएवढी पऱ्हाटी उभी, तिच्याकडं मात्र ढुंकूनही पाहत नव्हता.

"साहेब, गवत कायले पाह्यता? पऱ्हाटी पाहा!" तिनं दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून आवाज दिला.

"मी साहेब नाही, आजी. कॉलेजातून आलो. आपल्या भागात बाहेरून कोणतं नवं तण येऊन राह्यलं, ते पाह्यतो."

मैनाबाई मनात हसली. असंच सांगणार. चौकशीला आलेला माणूस काय गळ्यात पाटी घालून फिरतो?

परवा तिनंच तालुक्याच्या कृषी कार्यालयात फोन केला होता. आमच्या गावात नाल्याकडच्या शिवारात कोणीतरी चोर बीटी पेरली आहे, येऊन पाहा. ना स्वतःचं नाव सांगितलं, ना देवीलालचं. डोळे असतील तर दिसेल त्यांना.

चोर बीटी म्हणजे सरकारची परवानगी नसलेला, आदिलाबादकडून चोरून येणारा कापूस. वरून तणनाशक मारलं की गवत जळतं, पऱ्हाटीला काही होत नाही. पण सापडली तर उभं पीक उपटतात, वर पेरणाऱ्यावर गुन्हा. मागच्या साली बोंडअळीनं घरात वातीपुरता कापूस ठेवला नव्हता. यंदा तिची पऱ्हाटी बोंडांनी वाकली होती. देवीलालच्या पापापायी ती उपटली गेली तर? सुक्यासंगं ओलंही जळतं. त्यापेक्षा आपणच आधी सांगावं आणि आपलं वावर वेगळं, निर्मळ आहे हे दाखवून द्यावं.

म्हणून तर ती आज आली होती. आषाढापासून गुडघ्यांनी तिला घरात बसवलं होतं. कपिल, तिचा मुलगा, सकाळीच वणीला गेलेला. म्हटलं, आपणच जावं.

पळसाखाली बसलेला देवीलाल तंबाखू चोळत होता. "मैनाबाई, निंदाले बाया भेटत नाहीत, म्हून गवत मातलं. तुमच्या वावरात तर गवतही तुमाले इचारून उगवते!"

"उगवाची हिंमतच होत नाही त्याची," मैनाबाई म्हणाली.

माणूस धुऱ्यापाशी आला. मैनाबाईनं वाकून एक रोप उपटलं. परीक्षा घेतलेली बरी.

"हे काय व्हय?"

"कुर्डू."

"अन हे?"

"तरोटा. याची भाजी करता तुम्ही."

तिसरं रोप तिलाही माहीत नव्हतं. बारीक, खरखरीत पान. त्यानं ते उलटसुलट केलं, हुंगलं. "हे मलेही नाही समजत. नवं दिसते. वाढू देऊ नका."

शिकवून पाठवलाय, मैनाबाईच्या मनात आलं. सोंग बाकी झकास वठवतो. तिनं आवाज खाली आणला.

"एक सांगू? पेरणीच्या आधी हा देवीलाल आदिलाबादेले गेलता. साडूकडं म्हणे."

माणसानं झटकन वर पाहिलं. "एकटाच?"

"माह्या कपिलच्या गाडीवर. आमचं पोरगं भोळं. चाल म्हटलं की चालते."

"कपिल तुमचा पोरगा? मंग हे वावर तुमचं?"

"मंग कोणाचं? या ना, पाहून घ्या. वावर कसं असावं लागते ते."

तो धुरा ओलांडून आला. पऱ्हाटीच्या ओळींमधून चालत गेला, थांबला, पुन्हा चालला. दोन्हीकडं हिरवीगार पऱ्हाटी, मध्ये स्वच्छ काळी माती. देवीलालकडं गुडघ्याला लागणारं गवत इथं औषधालाही नव्हतं. मैनाबाई मागून चालत होती. दुखऱ्या गुडघ्यांनीही तिची मान ताठ होती.

एका बुंध्याशी तो बसला. तिथं केना होता, शेंडे पिवळे पडलेला, खालून पुन्हा फुटलेला.

"हा नाही मेला," तो पुटपुटला.

"मरन कसा? केना व्हय तो. मसणातूनही उठून येते."

त्यानं केन्याचा फोटो काढला. जवळून, मग आणखी जवळून.

"निंदाले बाया किती लावल्या होत्या, आजी?"

"एकही नाही. कपिल एकटाच राबते. बैल जुपून डवऱ्यानं साफ केलं म्हणे."

"म्हणे?" त्यानं तिच्याकडं रोखून पाहिलं. "म्हंजे तुमाले माहीत नाही?"

मैनाबाईला ते झोंबलं. कालचा पोरगा, अन मला विचारतो!

"मले माहीत नाही? माह्या घरात मले इचारल्याशिवाय चूल पेटत नाही, बाबू. या वावरात काय पेरलं, काय फवारलं, सारं माह्या हुकमानं. कपिल पाणीही मले इचारून पेते."

माणसाचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. त्यानं मोबाईल खिशात टाकला आणि हसला.

"असं सांगा ना मंग! मी उगाच लपवून राह्यलतो. कपिलभाऊ म्हणे, आईच्या कानावर जाऊ देऊ नका."

"काय जाऊ देऊ नका?"

"देवीलालच्या वावरात जे जे उगवलं, ते तुमच्यात सारं जळालं. एक केना तेवढा वाचला. त्याच्यासाठी पुढच्या साली दुसरं औषध देतो. बियाणं मातर हेच. आमच्या आदिलाबादकडं सारे हेच पेरतेत."

मैनाबाईनं पऱ्हाटीची फांदी धरली. एक बोंड तिच्या मुठीत तुटून आलं.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कपिलभाऊचा फोन लागत नाही, म्हून धावत आलो. तो येईस्तोवर गवत पाह्यत बसलो. त्याले सांगजा, मी दिलेली बियाण्याची पाकिटं घरात असतीन तर आजच जाळ. उद्या तपासणीवाले येऊन राह्यले. नाल्याकडच्या शिवाराची कोणीतरी तक्रार केली म्हणते."