वखारीचो मोठो सायब

देवापुढे नारळ ठेवून सोमा गुरवानं हात जोडले. शेजारी वेंगुर्ल्याच्या डच वखारीतला दुय्यम अधिकारी हेंड्रिक टोपी काढून उभा होता. बढतीसाठी बटाव्हियाच्या मुख्य कचेरीला अठरा वर्षं अर्ज पाठवून थकला, तेव्हा कुठं त्याला आमचा देव आठवला.

"बा देवा, ह्या वलंदेजाक वखारीचो मोठो सायब कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" वखारीचे हमाल एका सुरात ओरडले.

दिवाळीनंतर गलबतातून पत्र आलं. हेंड्रिक खरोखरच मोठा साहेब झाला होता! खाली आणखी एक ओळ होती : वखार कायमची बंद करून परत यावं.

तो तडक देवळात गेला. "गुरवा, हे काय झालं?"

"मोठो सायब कर, इतक्याच तुमी सांगितलास. वखार चालती ठेव, ह्या खंय सांगितलास? देव पदरचा कायच घालणा नाय."

"मग नवं गाऱ्हाणं घाल!"

"आधी पयल्याचो नारळ फोडा."

नारळ फोडून हेंड्रिक वखारीत परतला. मोठ्या साहेबाची टोपी चढवून त्यानं पहिला हुकूम सोडला, "दाराला कुलूप लावा."

अठरा वर्षं त्याचं ऐकून न ऐकल्यासारखं करणारे हमाल एका सुरात म्हणाले, "व्हय महाराजा!"