तीनदा बजावलं होतं

टोपीवाल्या बाईंनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा गाईडच्या हातातला होडीचा दोर जागच्या जागी थांबला.

"म्हणजे लोकांना पाण्यात उतरू देता ना तुम्ही?"

"नदीत उतरतात. पुढे समुद्राला मिळते तिथे नाही."

"तिथे पाटी आहे?"

"आहे."

"पहिल्यापासून?"

ऐकूच न आल्यासारखं करून त्याने दोर झाडाला गुंडाळला.

दोन दिवस आणि एक मुक्काम अशी ही सहल. व्हॅन, मग होडी, मग चिखलातून आणि मुळांवरून चालत जंगलातल्या लाकडी निवासापर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जंगल जिथे संपतं त्या किनाऱ्यावर. पाठीवर सॅक घेऊन येणारी मंडळी विशी-पंचविशीतली. या वेळीही दहा जण तसेच होते. अकराव्या या बाई, साठीच्या.

बाकीचे झाडांचे फोटो काढत होते. बाई लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून बघत होत्या. होडीत चढताना त्यांनी माणसं मोजली, उतरताना पुन्हा मोजली. मग खिशातून छोटी वही काढून काहीतरी लिहिलं. गाईडने मान लांब केली, तशी त्यांनी वही मिटली.



गेल्या वर्षी त्याच्या गटातली एक मुलगी नदीच्या मुखाशी बुडाली होती. बावीस वर्षांची. चौकशीत त्याने सांगितलं, "मी तीनदा बजावलं होतं. तिने ऐकलंच नाही." बाकीचे सगळे तेव्हा पुढच्या खडकांवर होते. त्याचा शब्द खोडून काढायला कुणीच नव्हतं. प्रकरण मिटलं. चौकशीला मुलीचा मामा तेवढा आला होता. आईवडिलांना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

निवासावर पोचल्यावर त्याने ड्रायव्हरकाकांना गाठलं. काका या हंगामाच्या सुरुवातीला लागले होते. शहरातली सोपी फेरी मिळत असताना त्यांनी हाच आडवाटेचा रस्ता मागून घेतला, म्हणून ऑफिसात सगळे हसले होते. माणूस मात्र लाखमोलाचा. गाईडला ताप आला, तेव्हा त्याच्या उशाशी हाच माणूस बसून राहिला होता.

"काका, त्या बाई कोण असतील हो?"

काका भिजलेले बूट चुलीजवळ ठेवत होते. "का रे?"

"सारखं पाण्याचंच विचारतायत. वहीत लिहितायत. मला वाटतं, त्या गेल्या वर्षीच्या मुलीची आई असेल."

काकांनी बूट सरळ केला. "असेल तर काय? तुझ्या मनात काही नाही ना?"

"नाही. तसं काही नाही."

"मग झालं तर. आणि असलंच काही, तर बोलून मोकळा हो. किती दिवस जड डोक्याने हिंडणार आहेस?"

जेवताना बाई त्याच्या समोरच येऊन बसल्या. "तुम्हाला स्वतःला पोहता येतं?" त्यांनी विचारलं. पोरं हसली. गाईडने हातातला घास ताटात परत ठेवला.

सकाळी किनाऱ्यावर पोचताच पोरं सॅक टाकून शिंपले वेचायला लांब पळाली. बाई मात्र सरळ नदीच्या मुखाशी गेल्या. ओहोटी लागली होती. तपकिरी पाणी वरून शांत दिसत होतं. बाई धोक्याच्या पाटीसमोर उभ्या राहिल्या. खांबावरून त्यांनी नख फिरवलं.

"रंग ताजा आहे," त्या म्हणाल्या. "ही पाटी नवीन दिसते."

 गाईडने मागे पाहिलं. एरवी निवासाच्या पुढे कधी न येणारे काका आज त्याच्याबरोबर आले होते. "मी आहे," ते हळूच म्हणाले. "बोल."

आणि त्याचा बांध फुटला.

"बाई, मला माफ करा. तेव्हा इथे पाटी नव्हती. वादळात पडली होती, मी कळवलंच नव्हतं. आणि मी तिला बजावलंही नाही. एकदाही नाही. ती मला विचारायला आली होती, इथे उतरू का म्हणून. मी झाडांना बांधलेल्या झोळीत आडवा पडलो होतो. डोळेसुद्धा न उघडता म्हणालो, जा, काही होत नाही. तुमच्या मुलीचा काही दोष नव्हता. मी नोकरीपायी खोटं बोललो."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं.

"माझी मुलगी?" त्या म्हणाल्या. "अहो, मला मूलबाळ नाही. आमचा फिरायला जाणाऱ्यांचा गट आहे, सगळे साठीच्या पुढचे. त्यांना इथे आणता येईल का, ते बघायला आले मी. कुठली मुलगी? काय झालं होतं इथे?"

गाईडचा चेहरा पांढराफटक पडला. आधारासाठी त्याने काकांचा हात धरला.

काकांनी तो हात हलकेच सोडवून घेतला. ते पाण्याकडे बघत होते.

"घरी तिची आई मला रोज एकच विचारते," ते म्हणाले. "आपली पोर तर ऐकणारी होती ना हो?"