दादाच्यापेक्षा हातभर उंच

“ते वजनाचं राहू द्या. वर किती जाते तेवढं सांगा,” धाकटा म्हणाला.

क्रेन विकायला आलेल्या माणसाने घसा खाकरला. बिचारा मघापासून जीव तोडून सांगत होता. ट्रकवर बसवलेली ही लोडर क्रेन जवळून किती टन उचलते, हात लांबवला की किती कमी उचलते, अवजड कामाला कुठली घ्यावी आणि कुठलीच्या नादाला लागू नये. धाकट्याचं एका शब्दाकडे लक्ष असेल तर शपथ! तो खिडकीतून भिंतीपलीकडे बघत होता. तिकडे दादाची क्रेन उभी होती. तिचा पिवळा हात आभाळाकडे ताठ होता आणि टोकाला लाल झेंडी फडफडत होती.

“त्याच्यापेक्षा उंच हवी,” तो म्हणाला. झाली निवड. बॉयलर उचलायचेत, हे गेलं चुलीत.

दोघे सख्खे भाऊ. बापाच्या कारखान्यात दोघे मिळून बॉयलर बनवायचे आणि एकाच डब्यात जेवायचे. मग बिनसलं. कशावरून, ते आता दोघांनाही धड सांगता येणार नाही. वाटणी मात्र चोख झाली. रस्त्याकडची बाजू दोघांनाही हवी होती, मागची कुणालाच नको होती. म्हणून आवाराच्या मधोमध दोरी धरली आणि फाटकापासून मागपर्यंत भिंत घातली. दोघांच्या वाट्याला एकेक बोळ आला. अगदी सारखा, कुणाला वीतभर जास्त नाही. याला म्हणतात न्याय!

तेव्हापासून बोलणं बंद. पुढच्याच वर्षी दादाने क्रेन आणली. रोज सकाळी पलीकडे इंजिन घुरघुरायचं, हात सरसर वर जायचा आणि इकडे धाकट्याचा चहा कडू व्हायचा. तो हात कधी डावीकडे वळला नाही की उजवीकडे.

“ताठा बघ त्याचा,” धाकटा बायकोला म्हणायचा. “कामांची रांग लागली असेल नुसती.”

“रांग असती तर रस्त्यावर गाड्या नसत्या दिसल्या?” बायको विचारायची.

पण बायकोचं पटलं तर तो नवरा कसला! धाकटा दार आपटून निघून जायचा.

इतके दिवस तसं भागत होतं. लहान बॉयलर लोखंडी पाइपांवरून ढकलत ढकलत फाटकापर्यंत नेता यायचे. पण आता कापड रंगवणाऱ्या एका गिरणीने भलामोठा बॉयलर करायला सांगितला होता. हा वेळेवर गेला तर पुढचे सगळे बॉयलर धाकट्याकडूनच घेणार होते. नाही गेला तर कारखान्याला कुलूप, हे त्यालाही ठाऊक होतं. दुसरं काम हातात नव्हतं.

“साहेब, एकदा जागा बघून घेऊ का?” विकणारा म्हणाला. “गाडीला पाय असतात. ते दोन्ही बाजूंना पसरून जमिनीवर रोवावे लागतात. तसंच वजन उचललं तर गाडीच आडवी होते.”

“पायांचं बघू हो नंतर. झेंडी तुम्ही लावून देता की आम्हीच लावायची?”

लावून दिली. दादाच्यापेक्षा मोठी.

क्रेन आली त्या दिवशी गिरणीचा मॅनेजर रिकामा ट्रेलर घेऊन फाटकाशी हजर होता. क्रेन बोळात शिरली. हात वर गेला, आणखी वर गेला आणि दादाच्या झेंडीच्याही हातभर वर जाऊन थांबला. धाकट्याने भिंतीकडे बघत मिशीवरून बोट फिरवलं. काय तो थाट! मग चालकाने कळ दाबली. डावा पाय निघाला आणि शेडच्या खांबाला टेकला. उजवा निघाला आणि भिंतीला टेकला. दोन्ही निम्मेसुद्धा पसरले नव्हते.

“रस्त्यावर उभी करून उचल,” धाकटा म्हणाला.

“वर विजेच्या तारा आहेत, साहेब. मला घरी बायकापोरं आहेत.”

मॅनेजर शांतपणे म्हणाला, “संध्याकाळपर्यंत थांबतो. मग दुसरीकडे बघावं लागेल.”

धाकटा रडायचाच काय तो बाकी होता. तेवढ्यात बायकोने आतून घण ओढत आणला आणि त्याच्या पायाशी टाकला.

“घाला भिंतीत.”

“आणि दादासमोर नाक कापून घेऊ? त्याची क्रेन एवढ्याच जागेत चालते!”

बोलता बोलता तो थबकला. एवढ्याच जागेत? बोळ तर दोरी धरून सारखे केले होते. मग पलीकडचे पाय कुठे जात होते?

मॅनेजर घड्याळ बघत होता. धाकटा भिंतीजवळ गेला आणि कितीतरी वर्षांनी त्याने ती हाक मारली.

“दादा! तुझ्या क्रेनचे पाय कुठे पसरतोस रे?”

पलीकडून धप्पकन आवाज झाला. आणखी एक. भिंतीतली एक वीट हलली आणि इकडे येऊन पडली. तिच्या जागी घामाने डबडबलेला दादाचा चेहरा दिसला. केस बरेच पिकले होते.

“मागं सर. अंगावर येतील,” दादा म्हणाला आणि त्याने पुन्हा घण उचलला.

“अरे पण तुझी क्रेन तर रोज चालते ना?”

“चालते कसली! नुसती उभी करतो. तू बघतोस म्हणून.”