स्वतःचं एक वाक्य

“या खोलीत येणारा प्रत्येक माणूस माझ्यासाठी नवा असतो,” समुपदेशक म्हणाला आणि त्याने मान डावीकडे कलती केली.

तिने बसण्याआधी खुर्चीवरची उशी उलटी केली. डागाची बाजू मागे गेली.

समोरच्या टीपॉयवर टिश्यूपेपरचा खोका होता आणि त्याच्या आड लपवल्यासारखा एक कप. तळाशी चहात विरघळलेल्या बिस्किटाचा चिखल. तिने नजर वळवली. बाहेरच्या रिसेप्शनिस्टने तिला पाहताच लगबगीने उठून पाणी दिलं होतं. अपॉइंटमेंटसाठी महिनाभर ताटकळत ठेवलं म्हणून बिचारी ओशाळली असावी.

समुपदेशकाने आधी स्वतःची ओळख करून दिली. अशी ओळख तो सगळ्यांनाच करून द्यायचा. विमा कंपनीतली नोकरी, मग वडिलांचं आजारपण, मग आतला आवाज, मग पदविका. आता तो एकात्मिक पद्धतीने, व्यक्तीला केंद्रस्थानी ठेवून, प्रौढांचं समुपदेशन करत असे. “मी सल्ला देत नाही, मी सोबत चालतो.” हे सगळं वेबसाइटवर होतं आणि तिला ते स्वल्पविरामांसकट पाठ होतं.

“बोला.”

“मला नवऱ्याची किळस येते.”

“किळस येते.”

“हो. नखं कुरतडतो आणि तुकडे बशीच्या कडेला मांडून ठेवतो. जणू पाहुण्यांना वाढायचेत. पण ते सोडा. बशी काय, धुता येते.”

“बशी धुता येते.”

त्याचा आवाज कोमट तेलासारखा होता. अंगावर पडला की पुसून टाकावासा वाटे.

“खरी किळस त्याच्या बोलण्याची. मी म्हणते डोकं दुखतंय, तो म्हणतो डोकं दुखतंय. माझी आई गेली, त्या दिवशी फोन ठेवला आणि म्हटलं, आई गेली. तर हा माणूस शांतपणे म्हणतो, ‘आई गेली.’ अहो, पोपटसुद्धा भूक लागली की स्वतःचं काहीतरी ओरडतो!”

“पोपट स्वतःचं ओरडतो.”

“तुम्हीही तेच करताय.”

“मीही तेच करतोय, असं तुम्हाला वाटतंय.”

तिला हसू आलं, पण ते घशातच आंबट झालं.

“मी ठरवून आलेय,” ती म्हणाली. “राहायचं की निघायचं, ते आज ठरणार. त्याने फक्त माझ्यासाठी, स्वतःचं असं एक वाक्य बोलावं. ‘जाऊ नकोस’ वगैरे नाही म्हटलं तरी चालेल. ‘गप्प बस’ म्हणाला तरी मी राहीन.”

“गप्प बस म्हणाला तरी तुम्ही राहाल.”

ती थांबली. तोही थांबला. समुपदेशनात शांततेला फार महत्त्व असतं आणि ती बिलात धरलेली असते. त्याने समजूतदारपणे डोळे मिटले, उघडले, करंगळीचं नख दातांपर्यंत नेलं आणि हात पुन्हा मांडीवर ठेवला. ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली. एकदा ते हलल्यासारखेही वाटले.

टीपॉयवरचं छोटं घड्याळ टुणटुणलं. त्याने टिश्यूचा खोका अलगद तिच्याकडे सरकवला. आडोसा गेल्यावर कप उघडा पडला.

ती उठली. पर्स खांद्याला अडकवली.

“अहो, माझी बॅग खाली टॅक्सीत आहे,” ती म्हणाली. “आपल्या घराची किल्ली शेजारच्या वहिनींकडे ठेवलीय. सकाळचा तुमचा कप सिंकमध्ये तसाच पडलाय, तो आता तुमचा तुम्ही धुवा.”

समुपदेशकाने मान डावीकडे कलती केली.

“किल्ली शेजारी ठेवलीय,” तो म्हणाला.